नऊ हप्त्यांचा कॉम्प्युटर

आपल्याकडे कॉम्प्युटर खेळायला म्हणून कधीच घेतला जात नाही. तो अभ्यासाला घेतला जातो. २०१२ मध्ये माझ्या दहावीच्या निकालानंतर सोलापूरच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तोही ‘पुढे इंजिनीअरिंगला लागेल’ म्हणूनच. आला त्याच संध्याकाळी शेजारच्या दादाच्या पेन ड्राइव्हमधून त्यावर रोड रॅश चढलासुद्धा. हे आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. पण ‘अभ्यास’ हा शब्द घरात सगळ्यांनी मिळून जपला. त्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नव्हतं. त्यामुळे नवा गेम टाकायचा, मेनू छान दिसायचा आणि खेळ सुरू झाला की स्लाइड शो! ग्राफिक्स कार्ड मागावं तर ते कुठल्या विषयाच्या अभ्यासासाठी मागायचं, हा प्रश्न मला कधीच सुटला नाही.

मग कॉलेजचा लॅपटॉप ‘प्रोजेक्टसाठी’, नोकरी लागल्यावर कंपनीचा लॅपटॉप ‘कामासाठी’. त्यात कंपनीच्या लॅपटॉपवर साधं कॅल्क्युलेटर बदलायचं तरी आयटी सपोर्टला तिकीट टाकावं लागतं. गेमचं नाव काढू नका.

जानेवारी २०२३ मध्ये माझं एज्युकेशन लोन फिटलं. महिन्याला ७,८०० रुपयांचा हप्ता. चार वर्षं पगार झाल्या झाल्या हे पैसे जायचे, त्यामुळे ते आपले नाहीतच अशी सवय झाली होती. म्हटलं, ही सवय आहे तोवर तिचा फायदा करून घेऊ. फेब्रुवारीपासून तेवढीच रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला लागलो. दिवाळीपर्यंत नऊ हप्ते, म्हणजे ७०,२०० रुपये. आणि घरी फोन करून सांगून टाकलं, की कॉम्प्युटर घेतोय, खेळायला.

पलीकडे शांतता. बाबा आधी वीज मंडळात आणि नंतर महावितरणमध्ये लायनीवर काम करून प्रधान तंत्रज्ञ म्हणून रिटायर झालेले. पैशावरून आवाज चढवणारे नाहीत, पण त्यांची शांतता फार बोलकी असते. थोड्या वेळाने म्हणाले, “सत्तर हजारांचा खेळ?” मी म्हटलं, “हो.” “ऑफिसच्या कामाला पण येईल ना?” इथे ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. मी ‘नाही’ म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पण अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूसाठी पुन्हा तीच थाप मारायची माझी तयारी नव्हती.

आता पैसे माझे, निर्णय माझा, म्हणजे जबाबदारीही माझीच. ‘अभ्यासाला’ घेतलेला कॉम्प्युटर गेमला चालला नाही तरी कुणी विचारत नाही. खेळायला घेतलेला कॉम्प्युटर खेळायला चाललाच पाहिजे. परत एवढे पैसे कधी साठतील ते माहीत नाही, त्यामुळे सुटे भाग निवडताना मी ऑफिसात कुठल्या डिझाइन डॉक्युमेंटला केला नसेल एवढा विचार केला.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठला प्रोसेसर?’ माझ्या मते हा चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे, खेळणार काय? माझं उत्तर तयार होतं. हॉस्टेलचे आम्ही चौघे. एक डॅलसला, एक बंगळुरूला, एक संभाजीनगरला आणि मी डोंबिवलीत. ते तिघं दर शनिवारी रात्री (डॅलसवाल्याची सकाळ) व्हॅलोरंट नाहीतर काउंटर-स्ट्राइक खेळायचे आणि मी व्हॉट्सॲपवर त्यांचे स्कोअर वाचायचो. म्हणजे एक गरज ही. दुसरी, माझी एकट्याची: रेड डेड रिडेम्प्शन २. हा गेम पीसीवर आला नोव्हेंबर २०१९ मध्ये, तेव्हापासून त्याचे व्हिडिओ बघत होतो. दुसऱ्याचं जेवण बघण्यापैकीच प्रकार.

आता या दोन गरजा वेगवेगळ्या आहेत. व्हॅलोरंटसारख्या गेमला भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्यात महत्त्व असतं ते सेकंदाला किती चित्रं डोळ्यांपर्यंत पोचतात याला, आणि ते काम प्रोसेसर आणि मॉनिटरचं. रेड डेडचं उलट. तिथे घोडा, बर्फ, धुकं असं सगळं रंगवायचं ओझं ग्राफिक्स कार्डवर पडतं. शिवाय तो डिस्कवर १५० जीबी जागा मागतो, म्हणजे ‘५०० जीबीची एसएसडी पुरेल की’ हा विचार तिथेच संपला. प्लेस्टेशनचाही विचार करून झाला. एकट्यासाठी तो उत्तम सौदा आहे, पण बाकीचे तिघं पीसीवर, आणि माऊसवाल्यांशी कंट्रोलर घेऊन भांडण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न मॉनिटरचा. लोक सगळे पैसे डब्यात घालतात आणि शेवटी उरलेल्या पैशात मॉनिटर घेतात, नाहीतर घरातला जुनाच लावतात. हे म्हणजे हापूसची पेटी आणून रस प्लास्टिकच्या ग्लासात देण्यासारखं. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. १६५ हर्ट्झचा दर ६ मिलिसेकंदांनी. आत कितीही दणकट कार्ड असू दे, ६०च्या मॉनिटरवर तुम्हाला सेकंदाला साठच चित्रं दिसणार. म्हणून मी सुरुवातच मॉनिटरपासून केली. २४ इंच, १०८०पी, १६५ हर्ट्झ, आयपीएस पॅनल, १०,८०० रुपये. १०८०पी ठरलं की ग्राफिक्स कार्डाची गरजही आपोआप खाली येते. १४४०पीला जवळजवळ पावणेदोन पट जास्त ठिपके रंगवावे लागतात, आणि ते काम झेपणारं कार्ड माझ्या नऊ हप्त्यांत बसत नव्हतं. विषय संपला.

तिसरा प्रश्न ग्राफिक्स कार्ड. इथे माझ्या धीराची परीक्षा २०२१ मध्येच होऊन गेली होती. तेव्हा चिपचा तुटवडा आणि इथेरियमचं मायनिंग यांमुळे कार्डांचे भाव इतके वेडे झाले होते की त्या वर्षी पैसे असते तरी घेतलं नसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस राबलेली ती सगळी कार्डं सेकंडहँड बाजारात आली. स्वस्तात. बंगळुरूवाला म्हणाला, घेऊन टाक. पण वॉरंटी नसलेली, वर्षभर चोवीस तास तापलेली वस्तू घ्यायची तर हातात दुसऱ्या खेपेचे पैसे असावे लागतात. ज्याच्याकडे एकच डाव आहे त्याने नवीन घ्यावं, असं माझं मत झालं.

नवीनमध्ये यादी खाली खाली येत दोन नावांवर थांबली. एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचं आरएक्स ६६००. दोन्ही ८ जीबीचे. ४०६० जास्त वेगवान, त्यात वाद नाही, डीएलएसएससुद्धा आहे. पण त्या दिवाळीत मला ते २९ हजारांना मिळत होतं आणि ६६०० मिळत होतं १९,७०० ला. वरचे ९,३०० म्हणजे जवळपास माझा मॉनिटर! रेड डेडसाठी कंपनीने सुचवलेलं कार्ड आहे जीटीएक्स १०६०, ६६०० त्याच्या बरंच पुढे. ठरलं.

आणि मग चौथा प्रश्न, प्रोसेसर. इथे आमच्या चौघांत तीन शनिवार भांडण चाललं. एएमडीचं नवीन सॉकेट एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं होतं. त्यात रायझन ५ ७६००, त्याला लागणारा बोर्ड आणि डीडीआर ५ रॅम असं सगळं धरून मला मिळालेल्या भावांनी ३८ हजारांच्या वर जात होतं. जुन्या एएम४ वर रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि १६ जीबी डीडीआर ४ रॅम मिळून २३,४०० (११,६०० अधिक ८,४०० अधिक ३,४००). बंगळुरूवाल्याचं म्हणणं, “एएम४ मेलेलं सॉकेट आहे. पुढे अपग्रेड काय करशील?” मुद्दा चुकीचा नाही. पण मी रोज ऑफिसात बघतो ना! पन्नास युझरच्या ॲपला ‘उद्या दहा लाख युझर आले तर?’ म्हणून एवढा मोठा डोलारा बांधतात की पन्नास युझरनासुद्धा ते ॲप धड चालत नाही. पंधरा हजार उद्यासाठी देऊन आज ग्राफिक्स कार्डाशिवाय बसायचं? तो पूल आला की बघू. (गंमत म्हणजे त्या ‘मेलेल्या’ सॉकेटसाठी एएमडीने जानेवारी २०२४ मध्ये ५७००एक्स३डी हा खास गेमिंगचा प्रोसेसर काढला. ही बातमी मी ग्रुपवर तीन वेळा टाकली.)

एक मोह अजून होता. ५६००जी नावाचा प्रोसेसर मिळायचा, त्याच्या पोटातच छोटं ग्राफिक्स असतं. म्हणजे आधी हा घ्यायचा आणि कार्ड सहा महिन्यांनी. ज्यांच्याकडे खरोखर पैसे कमी आहेत त्यांच्यासाठी हा चांगला रस्ता आहे, व्हॅलोरंट त्यावर आरामात चालतो. पण त्यात कॅश मेमरी ३२ ऐवजी १६ एमबी, आणि नंतर कार्ड लावल्यावर ती कमतरता तशीच राहते. साध्या ५६०० ला पोटातलं ग्राफिक्स अजिबात नाही, कार्ड नसेल तर स्क्रीन काळी ती काळीच. मला दिवाळीलाच पूर्ण मशीन हवं होतं, म्हणून साधा ५६००.

यादी घेऊन एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलं तर टॅक्सीवाला काय, तिथला दुकानदारसुद्धा क्षणभर थांबेल.) डोंबिवलीहून दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो गाडी, ग्रँट रोड. ऑनलाइन भाव तोंडपाठ होतेच, पण मला कोटेशन हातात धरून घासाघीस करायची हौस होती. आणि तिथे मला कळलं की सुटे भाग निवडणं म्हणजे निम्मं काम शब्द ओळखण्याचं आहे.

पहिल्याच दुकानात ‘गेमिंग’ म्हटल्यावर उत्तर आलं, “भाई, आय सेवन देता हूँ. सोला जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स. बाईस हजार में पूरा सेट.” ऐकायला कसं भरगच्च वाटतं! शेजारी एक काका त्यांच्या कॉलेजमधल्या मुलाला घेऊन उभे होते, ते खूशच झाले. मी विचारलं, आय ७ कुठल्या पिढीचा? तर ३७७०. म्हणजे २०१२ चा. माझ्या सोलापूरच्या कॉम्प्युटरच्या वयाचा! आय ७ हे आडनाव आहे हो, त्यावरून माणसाचं वय कळत नाही. २०२२ मध्ये आलेला साधा आय ३ १२१०० त्याच्यासारखाच चार कोअरचा आहे आणि त्याला सहज मागे टाकतो. आणि ते ‘चार जीबी ग्राफिक्स’ म्हणजे २०१४ मधलं जीटी ७३०. चार जीबी ही टाकी झाली. नळ किती रुंद आहे हे कुणी सांगत नाही. डीडीआर ३ मेमरीच्या त्या कार्डाचा नळ सेकंदाला ३० जीबीसुद्धा सोडत नाही. आरएक्स ६६०० चा आहे २२४ जीबीचा. घरभर पाणी द्यायचंय आणि नळाला ठिबक सिंचनाची नळी, असा प्रकार. काकांना मी हे दुकानाबाहेर येऊन सांगितलं. मुलाचा चेहरा उतरला, काकांचा विचारात पडला. शेवटी त्यांनी काय घेतलं माहीत नाही, पण बावीस हजार ही त्यांच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती हे त्यांच्या हातातल्या पाकिटावरून दिसत होतं.

दुसऱ्या दुकानात कोटेशन चांगलं मिळालं. सगळं माझ्या यादीप्रमाणे, कंपनी आणि मॉडेल नंबरसकट. फक्त एक ओळ अशी: ‘एसएमपीएस ५०० वॅट – १,१००’. ना कंपनी, ना मॉडेल. मी म्हणेन, कोटेशनमध्ये ज्या ओळीला नाव नसतं तीच आधी वाचावी.

एसएमपीएस हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित डबा. तो गेम वेगात चालवत नाही, दिवे लावत नाही, त्याचे फोटो कुणी टाकत नाही. पण बाकी सगळ्यांच्या तोंडात घास तोच घालतो, आणि बिघडला तर एकटा जात नाही. मी डबा बघायला मागितला. लेबलवर ५०० वॅट मोठ्या अक्षरात, आणि खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर. बारा पंधरे एकशेऐंशी. झालं, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात. ६६०० ची भूक १३२ वॅट, ५६०० पूर्ण ताकदीने ७६ पर्यंत जातो. इथेच २०८ झाले, पंखे आणि डिस्क अजून जेवायच्याच आहेत. बाबांच्या भाषेत सांगायचं तर डीपीवर लिहिलंय एक आणि आत फ्यूज टाकलाय भलताच. मी चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्रॉन्झ मानांकनाचा घेतला, ४,३०० ला. मानांकन फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं, दर्जाची हमी देत नाही, म्हणून १२ व्होल्टचा आकडा, आतल्या संरक्षणांची यादी आणि वॉरंटीची वर्षंही बघितली. दुकानदार म्हणाला, “इतने में तो आरजीबी कॅबिनेट आ जाएगा.” येईलही!

बाकीचं भराभर सांगतो. रॅम १६ची एक पट्टी न घेता ८-८ची जोडी घेतली, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात, सेकंदाला २५.६ जीबीच्या जागी ५१.२. किमतीत फरक नाममात्र. प्रोसेसर डब्यातला, म्हणजे तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत कुलर फुकट. नुसता ट्रेमधला स्वस्त पडतो पण त्यात हे दोन्ही नाही. एसएसडी १ टीबी, ४,६००. कॅबिनेट ३,२०० चं, पुढे जाळी असलेलं. काचेचं तोंड असलेली कॅबिनेटं दिसतात देखणी, पण त्या बिचाऱ्या पंख्यांनी हवा घ्यायची कुठून? आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३५ डिग्री असते. आणि हो, ‘बिल चाहिए क्या?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’. भाव जीएसटी धरून आहे का तेही तेव्हाच विचारायचं, नाहीतर शेवटी १८ टक्के अंगावर येतात. सगळं मिळून ६६,००० झाले. ऑनलाइनपेक्षा जेमतेम सातशे कमी. पण घासाघीस करायची हौस फिटली ती वेगळी.

येताना कॅबिनेटचं खोकं घेऊन लगेजच्या डब्यात. समोर मासळीच्या पाट्या, बाजूला पानांचे गठ्ठे. एका मावशींनी विचारलं, “टीव्ही हाय का रं?” मी म्हटलं, “कॉम्प्युटर.” “शाळेचा?” आता काय सांगणार! हसलो फक्त.

दिवाळीला आई-बाबा डोंबिवलीला येणार होते, आणि बाबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की येताना पेटी घेऊन या. आमची बिल्डिंग जुनी, फ्लॅट भाड्याचा. फ्रीजला हात लागला की झिणझिण्या यायच्या. त्यामुळे तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन नुसती शोभेची असणार असा माझा संशय होता. एसएमपीएसच्या आत, वीज शिरते तिथे, गाळणीसारखे कपॅसिटर असतात आणि त्यांची गळती अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर ती जाणार कुठे? सगळा लोखंडी डबा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, माणूस मरत नाही. पण हाताला मुंग्या येतात, हेडफोनमध्ये घूं घूं ऐकू येते आणि खरोखर कधी आत काही बिघडलं तर वाचवायला कुणी नाही.

बाबांनी होल्डरला दोन वायरी लावलेला त्यांचा जुना टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रल, बल्ब लख्ख. फेज आणि अर्थ, अंधार. “बघ,” म्हणाले. बाकी काही नाही. मीटर बोर्डापर्यंत अर्थिंग नीट आलेलं होतं, पुढे खोलीत कुणी ओढलंच नव्हतं. घरमालकांना फोन करून विचारलं, मेन स्विच बंद केला, आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारी एकसष्ट वर्षांचा माणूस स्टुलावर उभा राहून केसिंग पट्टीतून दीड स्क्वेअरची हिरवी वायर ओढत होता. पोराला गेम खेळता यावा म्हणून! मी खालून स्क्रू देत होतो. हे बघून आई म्हणाली, “दोघंही सारखेच.” (हे काम वायरमनचंच, ज्याला येतं त्यानेच करावं. यूट्यूब बघून नको.)

वायर, पट्टी आणि नवीन सॉकेटचे ६२० रुपये झाले. यूपीएस २,९०० आणि माऊस ८५० धरून मी ६९,७५० वर पोचलो होतो. हे ६२० दिले असते तर बजेटच्या वर १७० जात होतं. बाबांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, “तुझा हिशेब कशाला बिघडवतोस.”

जोडणी आम्ही दोघांनीच केली. बोर्डामागची पातळ पत्र्याची पट्टी बसवताना माझं बोट कापलं, हा त्या दिवसाचा एकमेव रक्तपात. प्रोसेसरवरचा छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो स्वतःच्या वजनाने खाली बसू द्यायचा, दाबायचं नाही. बाबांना हे फार आवडलं. “जोर लावावा लागला म्हणजे काहीतरी चुकतंय,” असं पुटपुटत ते कनेक्टर लावत होते. सगळं सुरू झाल्यावर दोन गोष्टी आठवणीने करायच्या असतात. बायॉसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू करायचं, नाहीतर ३२०० च्या रॅमसाठी पैसे मोजून ती कमी वेगात रांगत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर १६५ हर्ट्झवर टाकायचा. आपण होऊन तो बहुधा ६० वरच बसतो. माझ्या ओळखीचा एक जण १४४चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६०वर खेळला आणि वर ‘काही फरक पडत नाही’ असं सगळ्यांना सांगत फिरला.

बाबांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता, “युनिट किती खाणार?” प्लगमध्ये वॉटमीटर लावून बघितलं. गेम चालू असताना मॉनिटरसकट २५० च्या आसपास. चार तास खेळलो तर एक युनिट. दहा रुपये धरा. सायबर कॅफेत आठवीत असताना एका तासाचे वीस द्यायचो, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते कुठून यायचे हा प्रश्न आला असता.

पाडव्याला सोलापूरहून काकांचा फोन आला. मी आतल्या खोलीत होतो, बाबा बाहेर बोलत होते. “हो, कॉम्प्युटर घेतलाय त्याने... नाही नाही, ऑफिसचा वेगळा आहे... खेळायला घेतलाय.” थोडं थांबून, “अर्थिंग मी केलं.”

त्या शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही चौघं एकत्र खेळलो. डॅलसवाल्याला मुंबईच्या सर्व्हरपर्यंत यायला अडीचशे मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तो कोपऱ्यावरून डोकावेपर्यंत मेलेला असतो आणि मरताना शिव्या मात्र अगदी वेळेवर ऐकू येतात. दोन तासांत आमच्यातल्या कुणी नोकरी, लोन, लग्न यांतलं काही काढलं नाही. नंतर काढलं. संभाजीनगरवाल्याच्या वडिलांची बायपास झाली होती हे मला त्या रात्री कळलं, चार महिन्यांनी. ग्रुपवर तो हे कधी बोलला नव्हता. पुढच्या राउंडची वाट बघताना बोलला.

त्यानंतर भाव बरेच हलले. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या कारखान्यांचा माल उचलायला सुरुवात केली आणि डीडीआर ५ रॅम काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेली. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरमध्ये क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे माझी यादी जशीच्या तशी कुणाला देण्यात अर्थ नाही. तरी मामेभाऊ मागे लागलाच, साठ हजारांत यादी करून दे म्हणून. त्याला म्हटलं, देतो, आधी सांग खेळणार काय? तर म्हणे, “दादा, ते अजून ठरलं नाही. पण आरजीबी पाहिजे.”